पुऱ्या नावाचे तात्या

आमच्या तात्या ढमाल्यांसमोर कुणी ‘विलायत’ म्हटलं की ते हातातलं काम खाली ठेवत आणि शांतपणे विचारत, "कुठं आली ही?"

बोलणारा बिचारा हात करून दाखवी. हितनं पुणं, पुण्याहून मुंबई, मुंबईला बोट धरायची, मग नुसतं पाणीच पाणी, आणि पाणी संपलं की विलायत. तात्या सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "तीस वर्सं मुंबईच्या गोदीत काढली मी. जगातल्या सगळ्या देशांच्या पेट्या ह्या हातांनी मोजून घेतल्या. विलायत नावाच्या देशातनं एक खोकं उतरल्यालं बघितलं न्हाई. पुरं नाव सांग."

पुरं नाव सांगू शकेल असा माणूस पौडपासून मुळशीपर्यंत एकच होता, आणि प्रश्नही तोच विचारत होता. तेव्हा उत्तरही त्यालाच द्यावं लागे. तात्या छाती भरून श्वास घेत, डोळे मिटत आणि देवाची आरती सुरू करावी तसे म्हणत, "युनायटेड किंगडम ऑफ ग्रेट ब्रिटन अँड आयर्लंड!" समोरचा बहुतेक एक विलायती सुई उसनी मागायला आलेला असायचा. तो म्हणे, "व्हय तात्या. तितलीच सुई द्या."

मी खंडू मरगळे, बैलांचा दलाल. तात्यांचं घर माझ्या घराला लागून होतं. दोन्ही घरं मौजे उंबरवळीत होती. ती बघायला येऊ नका, आता तिथं वीज करणाऱ्या कंपनीच्या धरणाचं पाणी आहे. माझ्या बापानं लोकांची मेंढरं राखली. मी बैलांचे दात बघत बघत बाजार शिकलो, बाजाराच्या पावत्या वाचत अक्षरं शिकलो, आणि नदीकाठी भाताची तीन खाचरं स्वतःच्या हिमतीवर उभी केली. कुणी दिलेलं काही नाही. म्हणून कुणी घेतलेलं मी विसरत नाही. पण ते पुढं येईलच. आधी तात्या.

पौडच्या बाजारात एकदा एक छत्रीवाला आला होता. "विलायती छत्री, विलायती छत्री" म्हणून ओरडत होता. मी बैलाचा सौदा मोडून तिकडं धावलो, कारण तात्या त्या बाजूला वळताना मला दिसले होते. जाईपर्यंत उशीर झालाच होता.

"विलायती म्हंजी कुठली?" तात्या विचारत होते. "इंग्लंडातली, स्कॉटलंडातली, वेल्समधली का आयर्लंडातली? चार गावं एका पोत्यात घालून विकतोस व्हय?"

"आजोबा, छत्री घ्यायची तर घ्या, न्हाईतर उन्हात हुबं ऱ्हा," छत्रीवाला म्हणाला.

तात्यांनी छत्री उघडली. काड्या मोजल्या. दांड्याच्या टोकाचं पितळ धोतराच्या सोग्यानं पुसलं, डोळ्याजवळ नेलं आणि असे काही ओरडले की माझा बैल दावं तोडून निघाला. "एम्पायर ऑफ जपान!"

छत्रीवाल्याला काही कळेना. तात्या त्याचा हात धरून सगळ्या बाजाराला सांगत सुटले, की ही छत्री विलायतेची तर नाहीच, ही एम्पायर ऑफ जपानची आहे, तो देश पूर्वेला आहे, विलायत पश्चिमेला. बाजारकऱ्यांना वाटलं छत्रीत काहीतरी खोट निघाली. एकही छत्री खपली नाही. छत्रीवाला जाताना मला म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याला घरी कुणी न्हाई का?"

घरी खरंच कुणी नव्हतं. तात्या एकटेच राहत. स्वतः भाकरी थापत. ती कधी गोल झाली नाही. माझ्या घरून कालवण जाई, ते घेऊन गेलेल्या माणसाला अर्धी घटका देशांची नावं ऐकावी लागत, म्हणून कालवण पोचवायला आमच्या घरात भांडणं होत.

हे वेड त्यांना गोदीत लागलं. ते टॅली क्लार्क होते. म्हणजे बोटीतून माल उतरला की धक्क्यावर उभं राहून तो कागदाशी ताडून बघायचा. एवढी पोती, एवढ्या पेट्या, अमक्या देशाच्या, अमका मार्का. नवे असताना त्यांनी एकदा साखरेच्या पोत्यांवरच्या देशाचं नाव कागदावर अर्धंच लिहिलं. पोत्यावर ऑस्ट्रिया-हंगेरी होतं, यांनी घाईत नुसतं ऑस्ट्रिया लिहिलं. साहेब म्हणाला, कागदावरचा माल वेगळा आणि धक्क्यावरचा वेगळा. खुलासा होईपर्यंत हलवायचा नाही. खुलासा होईपर्यंत पावसाळा आला. "पोत्यांखालनं पाक वाहिला," तात्या सांगत. "साऱ्या मुंबईच्या मुंग्या आल्या. मुंग्या गोड खाऊन गेल्या आणि मला दोन वर्सं बढती न्हाई." तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरून गेलं, "अर्ध्या नावाचा माल धक्क्यावर विरघळतो."

हे वाक्य ते कशालाही लावत. लग्नाच्या पत्रिकेला, औषधाच्या पुडीला, माझ्या बैलांनासुद्धा. मी बैलाला ‘पवळ्या’ म्हणून विकला की विचारायचे, "कुठला पवळ्या?" मी एकदा पुण्याहून घड्याळ आणलं आणि मिरवत म्हणालो, "स्विझर्लंडचं हाय, तात्या."

"स्विस कॉन्फेडरेशनचं."

"नाव लांबवलं म्हणून वेळ जास्ती दावंल का?"

"खरी तरी दावंल," तात्या म्हणाले. ते घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. तात्या त्यावर एक शब्द बोलले नाहीत, नुसते रोज मला वेळ विचारत राहिले.

महायुद्ध संपलं तेव्हा लोकांना मेलेल्यांचं दुःख होतं, तात्यांना नावांचं. अर्ध्या युरोपची नावं बदलली. ऑस्ट्रिया-हंगेरी तर उरलीच नाही. ज्या नावानं यांची बढती खाल्ली ते नावच मोडून पडलं. चार दिवस ते जेवले नाहीत असं म्हणतात. मग आठवड्याच्या शिळ्या वर्तमानपत्रात त्यांना एक नवा देश सापडला आणि त्यांची कळी खुलली. पाराजवळ उभे राहून त्यांनी सगळ्यांना तो ऐकवला. "किंगडम ऑफ द सर्ब्ज, क्रोट्स अँड स्लोव्हेन्स! बघा, तीन भाऊ एका घरात ऱ्हायला आले, पन पाटीवर तिघांची बी नावं लावली. एकाचं बी गाळलं न्हाई."

आमचे पाटील म्हणाले, "तीन भाऊ एका घरात? चूल वेगळी व्हायला किती दिस लागतात बघू."

"टिको न टिको, नाव पुरं हाय," तात्या म्हणाले.

असे आम्ही हसतखेळत होतो, आणि धरण आलं.

कंपनीला पाणी अडवायचं होतं, आणि सरकार तिला आमच्या जमिनी घेऊन देणार होतं. त्या दिवसांत मावळातली माणसं धरणाच्या पायावर जाऊन बसत होती, मार खात होती, तुरुंगात जात होती. मीही बसलो होतो. ते सगळं लोकांना माहीत आहे. माझं स्वतःचं दुखणं वेगळं होतं, ते मी कुणाला धड सांगू शकलो नाही, म्हणून इथं सांगतो. आम्हा दलालांत सौदा उपरण्याखाली होतो. दोघांचे हात उपरण्याखाली, बोटांनी बोटं धरायची, तोंडानं एक अक्षर नाही. मी कधी हरलो, कधी जिंकलो, पण माझ्याकडून कुणी माझा हात न धरता काही नेलं नाही. ह्यांनी नेलं. एक कागद आला, त्यावर सगळं ठरलेलं होतं. कुणी माझं बोटसुद्धा धरलं नाही. भाव कमी का जास्त हा प्रश्नच नव्हता. मला विकायचंच नव्हतं! पण विकायचं नाही हे सांगायलासुद्धा समोर एक हात लागतो की नाही?

तात्यांना मात्र उपरणंही नको होतं आणि हातही. त्यांना कागद पाहिजे होता.

"खंडू," ते म्हणाले, "पानी यायचं ते येनार. ते काय आपल्याला इचारून येत न्हाई. पन आपल्या हरकतीत दोन नावं पुरी चढली पायजेत. कुनी घेतलं, आणि कुनाचं घेतलं. एक जरी अर्धं ऱ्हायलं तरी उद्या म्हनतील, आमी न्हाई घेतलं. न्हाईतर म्हनतील, ते कुनाचं नव्हतंच."

गावातल्या प्रत्येक घराला हरकत नोंदवायला पौडला बोलावलं होतं. जमिनीचा साहेब तिथं राहुटी ठोकून बसला होता. इंग्रजी लिहिणारे आमच्यात एकटे तात्या, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या हरकती त्यांच्याच हातच्या. आठ दिवस ते लिहीत होते. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ते लांबलचक नाव, एकेक अक्षर पेटीवर रंगवावं तसं. मी पुण्याहून कागद आणून देई आणि बसून शिव्या देई.

"नुसतं ‘मायबाप सरकार’ लिवा की. सारं मावळ तसंच लिवतं."

"सरकार हे नाव न्हाई. आणि आईबाप तर माझे हितंच वारले."

हजर व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या अंगणात आले. हातात शिळं वर्तमानपत्र, चेहरा असा की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"गेलं," ते म्हणाले.

"कोण गेलं?"

"आयर्लंड."

मी कपाळावर हात मारला. तात्या ओट्यावर बसले आणि मला समजावून सांगू लागले, की आयर्लंडातली माणसं किती वर्षं भांडत होती, आणि आता त्यांनी आपला बहुतेक देश सोडवून वेगळा केला. "सोडवला, खंडू! एवढ्या मोठ्या नावातनं एक नाव उठून चालतं झालं. कळतंय का तुला? म्हंजी जाता येतं!" मग एकदम ते गंभीर झाले. "सगळ्या हरकती परत लिवाया पायजेत."

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण सूर्य बुडायच्या आत त्यांनी सगळ्या हरकतींचं पहिलं पान पुन्हा लिहिलं, आणि कागद धरून बसायला मीच होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही माले गावावरून चालत पौडला गेलो. बायकाही आल्या होत्या. त्या राहुटीबाहेर आंब्याखाली बसल्या. आत साहेब, त्याच्या शेजारी पुण्याकडचा एक कारकून, समोर आम्ही. माझी पाळी आधी आली. कारकून म्हणाला, "मरगळे, तुमची हरकत नोंदली. या आता."

"या काय?" मी म्हणालो. "इंग्लंडच्या सायबानं एकदा माझ्या हातात हात तरी द्यावा." आणि मी उपरणं काढून साहेबाच्या टेबलावरच्या हातावर टाकलं आणि खाली माझा हात घातला.

कारकून किंचाळला. शिपाई धावला. साहेब घाबरून मागं सरकला, खुर्ची कलंडली, आणि लालभडक होऊन तो पहिला शब्द बोलला तो असा, "इंग्लंड नाही! स्कॉटलंड!"

तात्या पुढं झाले. मला वाटलं माझ्यासाठी माफी मागतील. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलंस? सायबाला बी आपल्या गावाचं नाव चुकल्यालं चालत न्हाई." मग साहेबाशी इंग्रजीत बोलले. काय बोलले मला कळलं नाही, पण शेवटी साहेबानं माझं उपरणं स्वतःच्या हातानं घडी करून मला परत दिलं. हात नाही दिला. उपरणं दिलं. ती घडीही चुकीची होती.

साहेबानं मग तात्यांची हरकत वाचायला घेतली. पहिल्याच ओळीवर थांबला. तो मराठी बोलत होता, तुटक, पण आम्हाला कळेल असं.

"इथं नाव अर्धं आहे. युनायटेड किंगडम ऑफ ग्रेट ब्रिटन. पुढं मोकळी जागा. आयर्लंड कुठं?"

"गेलं, सायब."

"नाव अजून बदललं नाही. सरकारी कागदावर आयर्लंड आहे."

"पाटी बदलायची ऱ्हायली आसंल," तात्या म्हणाले. "माल उतारलाय."

बाहेरच्या बायकांच्या बांगड्या आत ऐकू आल्या. कारकून पाय हलवायचा थांबला. तसं बोलल्यावर माणसं तुरुंगात जात होती त्या दिवसांत.

"आणि मोकळी जागा कशाला?" साहेबानं विचारलं.

"आनखी कोन कोन उठून जातंय ते बघून भरू म्हनलं."

साहेबानं तात्यांकडं बराच वेळ पाहिलं. मला वाटतं त्याला राग आला होता, आणि मला असंही वाटतं की त्याला हसू आलं होतं. ह्या लोकांच्या तोंडावर दोन्ही सारखंच दिसतं. तो एवढंच म्हणाला, "कुणी घेतलं ते नोंदलं. पुढं."

तात्या माझ्याकडं बघून मिशीत हसले. पहिलं नाव चढलं होतं.

कारकुनानं मोजणीची वही काढली आणि बोट फिरवत वाचलं, "घर आणि परडं. मालक..." तो अडखळला. "मालक, सखाराम ढमाले याची बायको, मयत. हे काय? नाव कुठं आहे?"

घर तात्यांचं नव्हतंच. त्यांच्या सासऱ्याला मुलगा नव्हता, त्यानं ते लेकीला दिलं होतं. गावच्या दप्तरात सासऱ्याचंच नाव राहून गेलं, लेकीचं पुढं कुणी चढवलं नाही. आणि मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी तात्यांनाच विचारलं होतं. तात्यांनी सांगितलं, घरधनिणीचं. मोजणीवाल्यानं ऐकलं तसं लिहिलं.

"नाव सांगा," कारकून म्हणाला.

तात्या वहीकडं बघत राहिले.

"अहो, बायकोचं नाव."

"घरधनीण," तात्या म्हणाले.

"ते नाव झालं का?"

"कुटुंब माझं."

मागं कुणीतरी हसलं. मी वळून पाहिलं तेव्हा ते थांबलं. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत हे काय कारकुनाला माहीत नव्हतं? त्याच्या घरीही घेत नसतील. माझ्या घरचं नाव मीही घेत नाही, आणि इथंही लिहिणार नाही. पण माझ्या घरून मला एक गोष्ट माहीत होती. ती बाई, तात्यांची, पाणवठ्यावर हसून म्हणायची, "आमचं हे साऱ्या दुनियेची नावं घेत्यात. माझं तेवढं न्हाई." तात्या शिमग्याला आणि भाताच्या लावणीला चार दिवस यायचे, बाकी वर्षभर मुंबईत. पत्रं पाटलाच्या नावानं यायची, आत लिहिलेलं असायचं, घरी वाचून दाखवणे. ते पेन्शन घेऊन कायमचे परत यायच्या आदल्या वर्षी ती तापानं गेली. तीस वर्षं ती ह्या माणसाची वाट बघत होती, आणि त्याच्या तोंडून तिनं स्वतःचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं.

"कुणाला तरी माहीत असेल," कारकून आमच्याकडं बघून म्हणाला.

सगळ्या गावाला माहीत होतं. मी तोंड उघडलं.

"खंडू, गप!" तात्या माझ्यावर ओरडले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "माझ्या घरचं नाव दुसऱ्याच्या तोंडातनं लिवून घ्यायचं न्हाई."

"मग तुम्ही सांगा."

तात्या पुन्हा गप्प. मी बैल अडलेला पाहिला आहे. चाबूक मारून हलत नाही आणि त्याच्याकडं बघवतही नाही. कारकुनानं साहेबाला काहीतरी विचारलं. साहेब खाली बघून म्हणाला, "नाव नसेल तर हरकत घेता येत नाही. बेवारस लिहा."

कारकुनानं टाक शाईत बुडवला.

"थांबा," तात्या म्हणाले.

ते उभे राहिले. देशांची नावं घेताना ते डोळे मिटत. आता डोळे उघडे होते, आणि राहुटीच्या फटीतून बाहेर, जिथं आंब्याखाली बायका बसल्या होत्या, तिकडं बघत होते.

"हौसाबाई," ते म्हणाले.

"ऐकू आलं नाही."

"हौसाबाई!" आता ते बाहेरसुद्धा ऐकू गेलं. आंब्याखालच्या एकेका बाईनं मान वर केली, आणि माझ्या घरच्यांनी पदर तोंडाला लावला. "हौसाबाई सखाराम ढमाले. मौजे उंबरवळी. पेटा मुळशी. जिल्हा पुणे. इलाखा मुंबई. हिंदुस्थान."

कारकून लिहीत गेला. शेवटच्या शब्दापाशी त्यानं सवयीनं ‘ब्रिटिश’ लिहिलं. तात्या टेबलापलीकडून उलटी अक्षरं वाचत होते. गोदीतल्या माणसाला ते जमतं.

"ते म्होरलं खोडा."

"सरकारी नाव तसंच आहे. तुम्हीच ना पुऱ्या नावाचे?"

"माझी जबानी हाय. मी म्हनलो तेवढंच लिवा."

कारकुनानं साहेबाकडं पाहिलं. साहेबानं हात हलवला. कारकुनानं तो शब्द खोडला. आयुष्यात त्या एकाच देशाचं सरकारी नाव तात्यांनी अपुरं राहू दिलं, आणि ते खोडताना टाकाचा आवाज मी ऐकला. त्या दिवसापुरतं मला तेवढं पुरलं.

"हरकत नोंदली," साहेब म्हणाला, आणि त्याच श्वासात, "हरकत नामंजूर."

आम्हाला ते ठाऊकच होतं. तात्यांनी नक्कल मागितली. मिळेपर्यंत बसून राहिले. मिळाल्यावर उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, एका नावावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या नावावर ठेवलं, आणि कागद छातीशी बंडीत घातला.

परतताना लोक पुढं गेले. मी आणि तात्या मागं राहिलो, कारण ते सावकाश चालत होते. मी रागानं फणफणत होतो. साहेबाची, कारकुनाची, कंपनीची, सगळ्यांची मी सालटी काढत होतो. तात्या ऐकत नव्हते. माले ओलांडल्यावर ते म्हणाले, "लग्नात बायकांनी अडवलं व्हतं. घास भरव आणि नाव घे, म्हनल्या. मला लाज वाटली. मी ताटावरनं उठून गेलो."

मी माझं पाऊल त्यांच्या पावलाला जुळवलं.

"मग ते ऱ्हायलंच," तात्या म्हणाले. "म्हनलं, पेन्शनीत घेऊ. घरात दोघंच आसनार. कोन ऐकतंय."

गावात शिरलो तेव्हा उन्हं कलली होती, गुरं परतत होती. मी माझ्या अंगणाकडं वळलो. दोन पावलं गेलो आणि आठवलं की आज पहाटेपासून तात्यांच्या पोटात काही नाही, त्यांना जेवायला बोलवावं. म्हणून मागं फिरलो. ते दाराशी पोचले होते. त्यांना मी दिसलो नव्हतो. त्यांनी कडी काढली, दार ढकललं, पायातली पायताणं बाहेर काढून नीट जोडीनं ठेवली.

"हौसा," त्यांनी आत हाक मारली. "आलो गं."

आणि मग उंबऱ्याबाहेर उभे राहून, आतून पाय धुवायला पाणी येईपर्यंत माणूस जेवढा थांबतो, तेवढे थांबले.